सम तारखेची फियाट

साल १९९१, महिना ऑगस्ट. कोल्हापुरातल्या आमच्या वाकड्या गल्लीत मी एका पांढऱ्या फियाटच्या स्टेअरिंगपुढं पदर खोचून बसले होते आणि गाडीच्या मागं गल्लीतले पाच-सहा पुरुष वाकून उभे होते. माझे यजमानही त्यांत होते.

"शालन, हँडब्रेक सोडलास का?" ते ओरडले.

"सोडला की!"

"मग हलंना का गाडी?"

"तुम्ही ढकलंना म्हणून!"

मागं हशा पिकला. हसता हसताच सगळ्यांनी जोर लावला आणि गाडी उतारावरून तिरकी घरंगळत पलीकडच्या बाजूला, सरनाईकांच्या दारासमोर गेली. मी ब्रेक दाबला. मागच्या सीटवर बसलेल्या मगदूमकाकू म्हणाल्या, "कालच्यापेक्षा सरळ लावलीस आज."

हा आमचा रोजचा सोहळा होता. त्याच महिन्यात गल्लीच्या तोंडाला दोन नव्या पाट्या लागल्या होत्या. विषम तारखेला गाड्या एका बाजूला लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. गल्ली चिंचोळी, वरून खाली एकेरी वाहतूक, आणि खालच्या टोकाला मंडई. रविवारी तर आजूबाजूच्या गावांतला सगळा बाजार आमच्याच गल्लीतून जायचा. दोन्ही बाजूंना वाहनं असली की दुधाच्या टेम्पोनं मागं हटायचं की हातगाडीवाल्यानं, यावरून सकाळी सकाळी आई-बहिणींचा उद्धार व्हायचा. तेव्हा पाट्या लागल्या ते बरंच झालं.

पण गल्लीत चारचाकी एकच होती, मगदूमकाकूंची फियाट, आणि ती चालवणारं कुणी नव्हतं.

काकूंचे यजमान, अण्णासाहेब मगदूम, गुळाचे अडते. दीड वर्षापूर्वी ते गेले आणि गाडी दारात उभी राहिली ती राहिलीच. बॅटरी उतरली होती. काकू अधूनमधून गॅरेजवाल्याला बोलावून इंजिन पुसून घ्यायच्या, पेट्रोल पाहून घ्यायच्या. तो दर वेळी सांगायचा, "काकू, बॅटरीत थोडा जीव हाय. धक्क्यावर सुरू हुईल. पण चालवणार कोण?" काकू त्याचे पैसे चुकते करायच्या. दुपारी जेवण झालं की मागच्या सीटवर जाऊन बसायच्या. काच अर्धी खाली, हातात जपाची माळ. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "नवऱ्याची आठवण हो. अण्णा पुढं, काकू मागं, अशी वीस वर्षं काढली त्यांनी."

स्टेअरिंगवर मला बसवलं तेही काकूंनीच. पहिल्या दिवशी आमचे हे बसायला निघाले होते. काकू म्हणाल्या, "तुम्ही ढकला. शालन वजनानं हलकी आहे, ती बसंल." गल्ली हसली आणि मी बसले. विषम तारखेला गाडी उलटी ढकलत काकूंच्या दारात न्यायची, सम तारखेला उतारानं पलीकडं. उलटं ढकलताना पुरुषांची जीभ बाहेर यायची. कधी जन्मात एकत्र चहा न प्यालेली माणसं त्या गाडीच्या मागं खांद्याला खांदा लावून उभी राहायची, आणि मग काकूंच्या पायरीवर गूळ घातलेला चहा प्यायची.

एकट्या बापूसाहेब सरनाईकांना हे पसंत नव्हतं. बापूसाहेब कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सम तारखेला फियाट त्यांच्या दारासमोर यायची, त्यामुळं त्यांच्या स्कूटरला जागा उरायची नाही.

"मगदूमबाई," ते दारात उभे राहून म्हणायचे, "रस्ता हा वाहनांसाठी असतो. जे चालत नाही ते वाहन नव्हे. ते सामान. सामान माणसानं घरात ठेवावं."

"घरात मावत नाही ओ बापूसाहेब," काकू शांतपणे म्हणायच्या.

"मग भंगारात मावतं!"

नूरभाभी अत्तार माझ्या शेजारच्या. अत्तरा-उदबत्तीचं दुकान होतं त्यांचं, आणि तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. त्या लगेच म्हणायच्या, "बापूसाब, तुम्ही बी रिटायर होऊन चालत नाही कुठं. तुम्हाला कुठं ठेवायचं?"

शेवटी बापूसाहेबांनी पुण्याला काकूंच्या मुलाला, सुकुमारला, फोन केला. सुकुमारनं आईला फोनवर स्पष्ट सांगितलं, "आई, ज्या दिवशी पोलीस ती गाडी उचलतील, त्या दिवशी मी येणार आणि विकून टाकणार. मग रडायचं नाही." काकू फोन ठेवून आमच्याकडं आल्या.

"शालन, गाडी चुकीच्या बाजूला राहता कामा नये. एक दिवससुद्धा नाही."

"नाही राहणार, काकू."

आणि राहत नव्हतीच. इतकी नेमानं हलायची की गल्लीनं तारखा बघणं सोडून दिलं. फियाट पलीकडं गेली की ज्यानं त्यानं आपली स्कूटर पलीकडं न्यायची, अलीकडं आली की अलीकडं आणायची. माझी सासूसुद्धा फियाट बघूनच सांगायची, "आज सम हाय वाटतं."

मग सप्टेंबरची पहिली तारीख उजाडली. रविवार होता. नेहमीसारखं आम्ही गाडी पलीकडं ढकलली, काकूंनी चहा दिला, गल्लीनं स्कूटरी हलवल्या. बापूसाहेबांनीही हलवली. फियाटच्या पुढं जेमतेम जागा शोधून, नाक मुरडत.

मी भाजी निवडायला बसले आणि वरच्या टोकाकडून हवालदार पोवारांची शिट्टी ऐकू आली. पोवार म्हणजे पोट पुढं, मिशा त्याच्याही पुढं. ते गल्लीच्या मधोमध उभे राहिले, उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"आयला, समदी गल्लीच उलट्या बाजूला?"

"उलट्या कशी?" आमचे हे पुढं झाले. "काल विषम, आज सम!"

"आज तारीख किती?"

"एक."

"एक म्हंजी सम का ओ मास्तर?"

आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरले नाही. एकतीस विषम, आणि एक तारीखही विषम. दोन विषम तारखा पाठोपाठ आलेल्या, आणि आमच्या पंचांगात, म्हणजे फियाटमध्ये, ती सोयच नव्हती.

"क्रेन येतीय मागनं," पोवार म्हणाले. "मंडईपाशी दोन गाड्या उचलाय थांबलीया. पयली ही फियाट उचलणार. मोठी हाय, पुण्य बी मोठं."

मी काकूंकडं पाहिलं. त्या दारातून धावतच आल्या, फियाटचं मागचं दार उघडून आत बसल्या आणि दार लावून घेतलं.

"मी बसल्यावर कशी उचलतील?"

"काकू, खाली उतरा," मी म्हणाले. "तुमच्यासकट उचलतील ती माणसं."

तोवर गल्लीतल्या यच्चयावत पुरुषांनी पोवारांना घेरलं होतं. कायद्याचा मुद्दा निघाला होता ना! गाडी हलवायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

"नियमाचा हेतू काय?" आमचे हे विचारत होते. "बाजू रोज बदलणं. मग आम्ही बदलली. चूक महिन्याची आहे, आमची नाही."

"महिन्याला दंड करू म्हंता?"

आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असेल? बापूसाहेबांचा! त्यांची स्कूटरही उलट्याच बाजूला होती. "हवालदारसाहेब, पाटीवर एकतीस तारखेचा स्वतंत्र उल्लेख आहे काय? नाही ना? मग संदिग्धतेचा फायदा नागरिकाला मिळाला पाहिजे. मी तीस वर्षं कचेरीत काढली आहेत!"

मी यजमानांना हाक मारली. "अहो, गाडी ढकला आधी!"

"थांब गं, मुद्दा चाललाय."

नूरभाभी माझ्याजवळ आल्या. "ह्यांचा मुद्दा संपंपर्यंत गाडी भंगारात जाईल. चल, आपण ढकलू."

"भाभी, काकूंच्या दारात न्यायची म्हणजे चढ आहे. पुरुषांचा दम निघतो तिथं."

गाडीतून काकूंचा आवाज आला. "वर न्यायचीच नाही. खाली न्या."

"खाली म्हणजे? रस्त्यावर?"

"शालन, आधी आत बस."

मी बसले. काकू मागून पुढं वाकल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी आजवर त्या गाडीत किल्ली कधी लावली नव्हती.

"लाव. फिरव. डाव्या पायानं क्लच दाब. डावीकडचं ते. दाबलास? आता दांडा दुसऱ्या गिअरात टाक. खाली ओढ. अजून."

"काकू, तुम्हाला कसं ठाऊक?"

"पुढं बघ! मी सांगीन तेव्हा क्लच सोड."

मागं नूरभाभींनी बायका गोळा केल्या होत्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या केसांना तेल चोपडलेलं, माझी सासू तर कवळी हातात घेऊन आलेली. पाच-सहा जणींनी हात लावले. भाभी ओरडल्या, "या अल्ला, जय अंबाबाई, लावा जोर!"

गाडी सुटली. बापूसाहेबांच्या स्कूटरला चाटून न चाटून गेली. उतार होताच. वेग वाढला तशी मी ओरडायला लागले. काकू म्हणाल्या, "ओरड, पण स्टेअरिंग सोडू नकोस. आता! सोड क्लच!"

मी सोडला. गाडीनं असा गचका दिला की माझं कपाळ काचेवर आपटलं, आणि मग दीड वर्षाचा ठसका काढत ती फियाट चालू झाली. खरोखरची चालू! मागं धुराचा लोट, त्यात टाळ्या वाजवणाऱ्या बायका.

"आता काय करू?"

"पाय थोडा गॅसवर ठेव. ब्रेक नको, बंद पडंल. डावीकडं वळव. हॉर्न दे."

"हॉर्न कुठाय?"

"मध्ये! मध्ये!"

भर रविवारच्या बाजारात आम्ही शिरलो. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. कोथिंबिरीच्या पेंढ्या वाचवायला एक बाई त्यांवर आडवी पडली. एक म्हातारा म्हणाला, "आरं, बाई चालवतीया!" आणि रस्ता असा दुभंगला की जणू पालखीच आली. चौकातला पोलीस हात दाखवून आम्हाला थांबवत होता. काकू खिडकीतून त्याला म्हणाल्या, "थांबवता येत नाही बाळ, तूच बाजूला हो!" तो बिचारा झालाही बाजूला.

"पुन्हा डावीकडं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज असा कोवळा झालेला मी कधी ऐकला नव्हता. "बघ, कशी ऐकते ती तुझं. आता परत डावीकडं. हां, ही वरच्या अंगाची कमान. आपलीच गल्ली."

वरच्या टोकानं आम्ही गल्लीत शिरलो. काकूंच्या दारासमोर, अगदी योग्य बाजूला, काकू म्हणाल्या, "क्लच, ब्रेक, दोन्ही एकदम." गाडी थांबली. मी दांडा मध्ये घेतला आणि हँडब्रेक ओढला.

खाली अजून मुद्दा चाललाच होता. क्रेन येऊन उभी राहिली होती. बापूसाहेब हात उंचावून सांगत होते, "आणि समजा उचलायचीच झाली, तर आधी ही फियाट उचला! गेला महिनाभर ही..." त्यांनी बोट दाखवलं. बोटासमोर मोकळी जागा होती आणि जागेपुढं त्यांची स्वतःची स्कूटर.

"कुठली फियाट?" पोवारांनी विचारलं.

सगळ्यांनी वळून वर पाहिलं. नियमाप्रमाणं लावलेलं गल्लीतलं एकमेव वाहन काकूंच्या दारात उभं होतं, इंजिन धडधडत.

"ही चालते?" बापूसाहेब एवढंच म्हणाले.

"चालती म्हंजी वाहनच की," पोवार म्हणाले आणि क्रेनवाल्याला खूण केली. "ती म्होरली स्कूटर घे."

गल्ली हसून हसून लोळली. बापूसाहेब क्रेनमागं धावले तेव्हा आमचे हेच त्यांच्याबरोबर चौकीपर्यंत गेले. मुद्दा अर्धवट राहिला होता ना.

मी गाडीतून उतरायला निघाले. नूरभाभी धापा टाकत आल्या होत्या. "काकू, उतरा, मी सगळ्यांचा चहा टाकते." पण काकू उतरेनात. मागच्या सीटवर तशाच बसून होत्या, डोळे ओले.

"अण्णांची आठवण आली?" मी विचारलं.

त्या माझ्याकडं बघून हसल्या. "शालन, जरा सरक की."

"कुठं?"

"तिकडं, डावीकडं. मला तिथं बसू दे."

फियाटची पुढची सीट सलग असते, बाकासारखी. मी सरकले. काकू मागच्या दारातून उतरल्या, पुढचं दार उघडलं आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग बसल्या. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. बासष्ट वर्षांच्या बाईचे हात, पण धरणं अगदी बरोबर होतं.

"वीस वर्षं मागं बसून यांच्या हातांकडं नि पायांकडं बघत होते," त्या म्हणाल्या. "एकदा म्हटलं, मला शिकवा. हसले. म्हणाले, 'गुणा, ते काय शिवणयंत्र आहे?' चांगले होते गं, वाईट नव्हते. पण पुन्हा विचारलं नाही मी. ते गेले, गाडी माझी झाली. रोज ठरवायचे, आज पुढं बसायचं. धीरच होईना. पुढचं दार उघडायला गेलं की वाटायचं, कुणीतरी हसंल."

चहा टाकायचा सोडून नूरभाभी गाडीला टेकून ऐकत होत्या. हा चमत्कारच.

"तुला काय वाटलं, वजन कमी म्हणून तुला बसवलं?" काकू मला म्हणाल्या. "त्या जागेवर बाई बसली की कशी दिसते, ते मला बघायचं होतं."

"कशी दिसते?" मी विचारलं.

"गाडी चालवत असल्यासारखी," काकू म्हणाल्या आणि हॉर्न वाजवला.

पुढच्या महिन्यात त्यांनी नवी बॅटरी घातली आणि आम्ही दोघी मोटार ड्रायव्हिंगच्या वर्गाला गेलो. परीक्षेत मी एकदा नापास झाले, काकू नाही. त्या दिवाळीत त्यांनी आम्हा बायकांना गाडीत कोंबून बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला नेऊन आणलं. माझी सासू पुढं बसली होती. सुकुमार पुण्याहून आला तेव्हा आईनं त्याला स्टँडवर घ्यायला गाडी नेली. तो मागं बसला आणि घर येईपर्यंत पुढची सीट घट्ट धरून होता. नंतर मात्र मित्रांना फोन करून कौतुकानं सांगत होता म्हणे.

आता त्यांतलं फारसं कुणी उरलं नाही. पोवार जमादार होऊन निवृत्त झाले. गावी त्यांनी शेळ्या पाळल्या. बापूसाहेबांनी एकतीस तारखेबद्दल वरपर्यंत अर्ज केले. उत्तर आलं नाही, पण त्या नादात ते गल्लीचे वाहतूक सल्लागार झाले, आणि प्रत्येक एकतीस तारखेला दारोदार जाऊन "उद्या हलवायच्या नाहीत बरं का" असं सांगू लागले. गेले तेही एकतीस तारखेलाच. नूरभाभींनी दुकानासाठी टेम्पो घेतला आणि स्वतः चालवला. परवाच त्यांच्या नातवाच्या लग्नात भेटल्या, कानानं ऐकू येत नाही, पण तोंड तसंच. आमचे हे कायम माझ्या डाव्या बाजूला बसले आणि शेवटपर्यंत ब्रेक कधी दाबायचा ते सांगत राहिले. गल्लीत आता दारादारात चारचाकी आहे, दोन्ही बाजूंना, आणि दोन्ही पाट्यांवर क्लासच्या जाहिराती चिकटवल्या आहेत.

काकूंनी ती फियाट पाच-सहा वर्षं चालवली. मग डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा गिऱ्हाईक त्यांनीच शोधलं. इचलकरंजीचा कुणी होता. त्याला म्हणाल्या, तुम्ही येऊ नका, मीच आणून देते. स्वतः चालवत गेल्या आणि एसटीनं परत आल्या. मी स्टँडवर घ्यायला गेले होते. भीतभीत विचारलं, "वाईट वाटलं असेल ना, काकू?"

"वाईट कशाचं?" त्या माझ्या हातात पिशवी देत म्हणाल्या. "गाडी ठेवायची नव्हतीच गं मला. चालवायची होती."